अनुदानाची ताबेदारी

विकासकार्याच्या क्षेत्रात सध्या 'भागीदारी' या शब्दाची मोठी चलती आहे. सरकारी योजनेच्या कागदांत तो असतो, कंपन्यांच्या वार्षिक वृत्तांतांत असतो, आणि परदेशी निधीच्या करारनाम्यांत तर तो पहिल्याच परिच्छेदात भेटतो. पैसा देणारा हा एक भागीदार, आणि गावात राहून काम करणारी महिला मंडळे, पाणी समित्या, वाचनालये, सेवा मंडळे, देवस्थानांच्या समित्या हे दुसरे भागीदार, अशी ही कल्पना. कल्पना उत्तम आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते त्या नावाखाली प्रत्यक्षात जो व्यवहार चालतो त्याच्याशी. पेढीतल्या भागीदाराचा नफ्यातोट्यात वाटा असतो, वहीखाते पाहण्याचा त्याला हक्क असतो, आणि त्याचे मत घेतल्यावाचून पेढीचा कोणताही मोठा निर्णय होत नाही. अनुदानाच्या भागीदारीत स्थानिक संस्थेच्या वाट्याला यांपैकी काय येते? तोटा तेवढा येतो. वही तिची तपासली जाते, देणाऱ्याची तिला कधी दिसत नाही. आणि निर्णय ती दारात येण्यापूर्वीच झालेला असतो. अशा संबंधाला आपल्या भाषेत ठेकेदारी म्हणतात. फरक इतकाच, की ठेकेदाराला निदान चार पैसे नफा ठेवता येतो.

ज्यांनी हा व्यवहार जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचा नमुना थोडक्यात सांगतो. डिसेंबर-जानेवारी उजाडला, की वर्षाचा निधी अजून खर्ची पडलेला नाही हे कोणाच्या तरी ध्यानी येते. मग एखाद्या मंडळाला निरोप जातो : आठ दिवसांत योजना सादर करा, इंग्रजीत करा, आणि आमच्याच नमुन्यात करा. मंडळाला हवी असते तळ्यातला गाळ काढण्यासाठी मदत. पण यंदा शाळांना संगणक देण्याचे वरून ठरले आहे, म्हणून मंडळ संगणकांची योजना लिहून देते. करारनामा एका वर्षाचा होतो. पहिला हप्ता उशिरा येतो, काम मात्र मुदतीतच संपवावयाचे असते. दर तीन महिन्यांनी अहवाल, दर अहवालास छायाचित्रे, आणि प्रत्येक छायाचित्रात दात्याच्या नावाचा फलक. विनियोगाचा दाखला, बँकेची उतारपत्रे, लाभार्थ्यांच्या सह्या, हिशेबतपासनिसाचे प्रमाणपत्र. आणि हे सारे लिहावयाचे कोणी? मंडळाचा चिटणीस दिवसा शाळेत शिकवतो किंवा दुकान सांभाळतो. एखादा कारकून नेमावा म्हटले, तर उत्तर येते की कार्यालयीन खर्च आम्ही देत नाही, आमचा पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंत गेला पाहिजे.

या शेवटच्या वाक्यावरच आमचा मुख्य आक्षेप आहे. ते ऐकावयास सात्त्विक वाटते, म्हणूनच ते अधिक घातक आहे. हिशेब चोख हवा, पण हिशेबनीस नको; अहवाल वेळेवर हवा, पण तो लिहिणाऱ्याचे पोट कशावर भरते हे विचारावयाचे नाही! ज्या कंपनीचा स्वतःचा लेखा विभाग आहे, कायदा सल्लागार आहे, आणि बैठकीच्या दालनात चहा आणून देण्यासही पगारी माणूस आहे, ती कंपनी खेड्यातल्या मंडळाला सांगते की कार्यालयीन खर्च म्हणजे उधळपट्टी. परिणाम दोनच होतात. प्रामाणिक मंडळ कार्यकर्त्यांच्या खिशाला चाट लावून दोन-तीन वर्षे तग धरते आणि मग थकून बंद पडते. दुसरे मंडळ तो खर्च सिमेंटच्या नाहीतर प्रवासाच्या बिलात लपवावयास शिकते. म्हणजे अप्रामाणिकपणाचा पहिला धडा देणाराच घालून देतो, आणि पुढे तोच संस्थांच्या नीतिमत्तेवर व्याख्यान देतो.

यावर 'कायद्यानेच आमचे हात बांधले आहेत' असे उत्तर मिळते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण आमच्या समजुतीप्रमाणे ते खोटे आहे. कंपनी कायदा, २०१३ याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करावे, असे हे कलम सांगते. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी. पण ती कोणाच्या खर्चावर? कंपनीने स्वतःचा सामाजिक कार्याचा विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चावर! एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. कंपन्यांसाठी घातलेले हे कुंपण उचलून कंपन्यांनी गावच्या मंडळाभोवती नेऊन उभे केले आहे. एक वर्षाच्या कराराचेही तेच. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प याच नियमांना मान्य आहे, आणि अशा प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरण्याची तरतूदही आहे. तेव्हा मार्चअखेरची ही धावपळ अशा प्रकल्पांवर कायदा लादत नाही. ती सोयीसाठी चालते, आणि तिचे पाप कायद्याच्या माथी मारले जाते.

परदेशी निधीची गोष्ट वेगळी, हे आम्हांस मान्य आहे. परक्या देशांतून येणाऱ्या पैशावर सरकारने डोळा ठेवावा यात गैर काही नाही. कोणतेही सार्वभौम राष्ट्र तो ठेवते. पण सप्टेंबर २०२० मध्ये त्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने एका नोंदणीकृत संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे असा निधी सोपवणे पूर्णतः बंद केले, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पूर्वी शहरातली मोठी संस्था परदेशी पैसा घेई, त्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी उचले, आणि ज्या लहान मंडळांना तो उपद्व्याप झेपत नाही त्यांना त्यातला भाग देई. तो मार्ग बंद झाला. मोठ्या संस्था राहिल्या, त्यांच्याखालच्या लहान मंडळांचा ओघ आटला. ज्यांच्याविषयी शंका होती त्यांना त्याचा किती उपद्रव झाला, हा वेगळा प्रश्न. आदिवासी पाड्यावर बालवाडी चालवणाऱ्या बाईला तो निश्चित झाला.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. 'स्थानिक संस्था पैसे खातात, म्हणून आम्हांस एवढे कागद मागावे लागतात.' काही संस्था पैसे खातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अध्यक्ष नवरा, चिटणीस बायको, सभासद मेहुणे आणि कार्यालय घराच्या पडवीत, अशा कागदी संस्था आम्हीही पाहिल्या आहेत. परंतु कागदांनी त्या अडत नाहीत. त्यांचे सारे भांडवल कागद हेच असते. सफाईदार इंग्रजीतला अहवाल, रंगीत आलेख, हवे तितके फलक हे सगळे त्या वेळेच्या आधी देतात. या चाळणीतून खाली पडते ते तीस वर्षे गावात काम केलेले, पण इंग्रजीत धड एक पान लिहू न शकणारे मंडळ. चोर पकडण्यासाठी लावलेला सापळा नेमका साधूला पकडतो, आणि हे वर्षानुवर्षे घडूनही सापळा बदलण्याचे कोणाच्या मनात येत नाही, तेव्हा सापळा लावणाऱ्याला चोर खरोखर पकडावयाचा आहे की आपल्या वरिष्ठांना कागद दाखवावयाचे आहेत, अशी शंका घेणे भाग पडते. गावचा बंधारा किती सिमेंटचा झाला हे दोनशे मैलांवरच्या कचेरीला फोटोवरून कळत नाही. ते कळते त्या बंधाऱ्याखाली ज्याचे शेत आहे त्याला. पण त्याच्यापुढे हिशेब ठेवण्याचे कलम करारनाम्यात नसते.

याहून चांगल्या रीतीने पैसा देता येतो की नाही? येतो, आणि त्यासाठी विलायतेस जावयास नको. आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर वाचनालयांची योजना आखली, हे बडोदेकर वाचकांना आम्ही सांगावयास नको. पण त्या योजनेतली अनुदानाची रीत आज फारशी कोणी आठवत नाही. गावात वाचनालय हवे असेल तर गावाने आधी आपली वर्गणी गोळा करावी. मग तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने. तीन सारखे वाटे. महाराजांच्या मनात असते तर हुकूम काढून गावोगाव पुस्तकांची कपाटे पाठवता आली असती. तिजोरी त्यांची होती आणि सत्ताही त्यांची होती. पण गावाने मागावे, आपला पैसा घालावा आणि आपले मंडळ चालवावे, मग दरबाराने हात द्यावा, असा तो क्रम होता. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने मित्रमंडळांच्या द्वारा खेड्यांत वाचनाची जी गोडी आधीच लावली होती, तिला दरबाराने बाजूस सारले नाही. त्या माणसालाच आपल्या ग्रंथालय खात्यात घेतले. राजा असून त्याला जे सुचले, ते लोकशाहीतल्या कंपनीच्या एखाद्या उपव्यवस्थापकाला सुचू नये?

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत १९९२ पासून राबवलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाकडे पाहावे. त्याची कल्पना हर्मन बाकर या स्विस पाद्रीबाबांची. पैसा जर्मन सरकारचा, व्यवस्था नाबार्डकडे, आणि काम गावची पाणलोट समिती व तिच्यासोबतची स्वयंसेवी संस्था यांच्याकडे. दात्याचा धर्म वा देश पाहून काम जोखणाऱ्यांपैकी आम्ही नाही. रीत चांगली असेल तर ती घ्यावी. या कार्यक्रमात गावाला एकदम मोठी रक्कम मिळत नसे. प्रथम ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळण्याचे ठरवावयाचे, श्रमदान करून दाखवावयाचे. मग सुमारे वर्ष-दीड वर्ष क्षमता-बांधणीचा टप्पा. त्यात पाणलोटाच्या एका लहान तुकड्यावर काम करीत समितीने मोजमाप शिकावयाचे, मजुरी वाटावयास शिकावयाचे, हिशेब ठेवावयास शिकावयाचे. तो टप्पा उतरला की पूर्ण कामाला मंजुरी. आणि आमच्या मुद्द्याची गोष्ट ही, की या शिकवण्याच्या टप्प्यासाठी स्वतंत्र पैसा होता. १९९३ साली स्थापन झालेल्या 'वॉटर' या संस्थेकडे मुख्यतः हेच काम होते. गावकऱ्याला वही लिहावयास शिकवणे हा बांधबंदिस्तीइतकाच खरा खर्च आहे, हे तेथे मान्य केलेले होते. त्याला कोणी उधळपट्टी म्हटले नाही.

उलट जेथे बांध हा खर्च मानला गेला आणि माणसे मात्र गृहीत धरली गेली, तेथे काय होते हे पाहण्यास गोव्यातील खाजनांवर जावे. भरतीचे खारे पाणी अडवणारे बांध आणि ते पाणी राखणारी मानस ही गावकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची करणी. तिची डागडुजी ही गावकारीची सामुदायिक जबाबदारी असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५ च्या नियमांनंतर ती जबाबदारी कुळसंघांकडे आली. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला हे न्याय्यच झाले. त्याविषयी आमचे दुमत नाही. पण संघ नावाची जी नवी वस्तू निर्माण केली, तिला वाढवण्याचे काम कोणी केले? बांधाच्या दुरुस्तीला सरकारी पैसा येत गेला. संघाची सभा भरते की नाही, नवे कूळ सभासद होते की नाही, वही कोणी लिहितो की नाही, याची पुसतपास फारशी कोणी केली नाही. मानशीवरच्या मासळीच्या लिलावाचे उत्पन्न शेतीच्या उत्पन्नाहून सोपे ठरले. मग अनेक ठिकाणी मासळीसाठी खारे पाणी आत घेतले जाऊ लागले, शेते नापीक झाली, आणि ज्या संघाने शेत राखावयाचे त्याच्याच नावाने शेत बुडाले. पैशाची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. ज्या हातांत तो ठेवला त्या हातांची पर्वा कोणी केली नाही, एवढेच.

आता जरा आपल्या घराकडे वळू. हे मासिक वाचणारे बहुसंख्य लोक कोणत्या ना कोणत्या देवस्थानाचे महाजन, भजनी मंडळाचे सभासद किंवा विश्वस्त आहेत. म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूंना आहात : कंपनीपुढे हात पसरणाऱ्या समितीतही तुम्ही असता, आणि शिष्यवृत्ती, रुग्णवाहिका, वाचनालय यांना देणगी देणाऱ्या समितीतही तुम्हीच. घेताना जो जाच तुम्हांस खुपतो, तोच देताना तुम्ही दुसऱ्याला करीत नाही ना? धनादेश देतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात यावे, रुग्णवाहिकेवर देवस्थानाचे नाव गावाच्या नावाहून मोठे असावे, आणि चालकाचा पगार मात्र 'तुमचे तुम्ही पाहा', ही रीत आपल्याकडेही आहे. चालकावाचून अंगणात उभी राहून गंजलेली गाडी दाखवावयास फार दूर जावे लागणार नाही.

वास्तविक या कामी देवस्थानांनी दुसऱ्यांना धडा द्यावा, अशी आपली परंपरा. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या देवस्थान नियमावलीचा कडकपणा पुष्कळांना जाचक वाटला, आणि तो परक्या सत्तेचा होताच. पण निवडलेली समिती, तिचा अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार, आगाऊ केलेला अर्थसंकल्प, आणि महाजनांच्या सभेपुढे येणारा हिशेब ही शिस्त त्यामुळे आपल्या अंगवळणी पडली. समईला तेल किती लागले हे भर सभेत विचारणारे वृद्ध महाजन आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना हसूही आपणच आलो. पण त्या विचारण्याचे मोल कोणत्याही त्रैमासिक अहवालाहून मोठे आहे, कारण विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही उद्या त्याच पालखीला खांदा देणार असतात. राळेगणसिद्धीत १९७५ च्या सुमारास परतलेल्या अण्णा हजारे यांनी पाण्याच्या कामापूर्वी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला, तोही स्वतःच्या पैशाने. गाव आधी तेथे एकत्र बसले आणि मग बांध घालावयास निघाले.

तथापि एक उणीव आहे, आणि ती झाकून उपयोग नाही. महाजनकीचा हक्क जन्माने येतो. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. परंतु देवस्थानाचा पैसा जेव्हा गावाच्या शाळेला, विहिरीला किंवा बालवाडीला जातो, तेव्हा त्याचा हिशेब ऐकण्याचा हक्क केवळ महाजनांचा कसा राहील? ज्या बायका त्या विहिरीवर पाणी भरतात आणि ज्यांची मुले त्या बालवाडीत बसतात, त्या सभामंडपाच्या बाहेर आणि हिशेब आत, हे आम्हांस शोभत नाही. कंपनी गावाला विचारीत नाही म्हणून रागावणाऱ्याने स्वतः तरी विचारले पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या देवस्थानाच्या समित्या बाहेरच्या मंडळांना मदत देतात, त्यांनी येत्या वार्षिक सभेत ठराव करावा, की मदत एका वर्षाची न देता निदान तीन वर्षांच्या वचनाने दिली जाईल. तीत हिशेबनिसाच्या अथवा चालकाच्या वेतनाचा वाटा उघडपणे धरला जाईल. अहवाल मराठीत किंवा कोंकणीत चालेल आणि दोन पानांहून मोठा मागितला जाणार नाही. आणि वर्षातून एकदा मंडळाचा हिशेब ज्यांच्यासाठी काम झाले त्यांच्यापुढे, देवळाच्या प्रांगणात, मोठ्याने वाचला जाईल. गाव आपला वाटा आधी घालील, मग तो पैशाचा असो, श्रमाचा असो की तांदळाचा, ही अट बडोद्याकडून घ्यावी.

आणि जी मंडळे घेणारी आहेत, त्यांना आमचे सांगणे याहून कठोर आहे. कारकुनाचा खर्च नाकारणारा, आठ दिवसांत योजना मागणारा आणि तुम्हांस नको असलेली वस्तू गळ्यात बांधणारा करारनामा पुढे आला, तर सही करण्यापूर्वी आपल्या सभासदांची सभा बोलवा आणि तो मराठीत वाचून दाखवा. जानेवारी २०२१ च्या नियमांतली प्रशासकीय खर्चाची व्याख्या कंपनीच्या माणसापुढे ठेवा आणि यात आमचा खर्च कोठे बसतो, असे विचारा. एकटे मंडळ विचारू लागले तर त्याला वगळून शेजारच्या गावी जातील, हे आम्ही जाणतो. तालुक्यातली पाच मंडळे एकाच महिन्यात विचारू लागली तर मार्चअखेर तोंडावर आलेला माणूस कोठे जाईल?

असे ठराव ज्या देवस्थानांत आणि मंडळांत संमत होतील, त्यांनी त्यांची नक्कल आमच्याकडे पाठवावी. ती जशीच्या तशी, मराठीत व कोंकणीत, आम्ही या मासिकात छापू. आणि जेथे ठराव फेटाळला जाईल तेथील कारणेही, कोणी लिहून पाठवली तर, छापू.